वाढीव स्वयंपाकघराचा टेस्ट रिपोर्ट

आबा,

वलवणचं घर विकलं. म्हणजे खरेदीखत पुढच्या आठवड्यात आहे, पण बोलणी झाली, इसार झाला, आता मागे फिरायचं नाही. तुम्हाला विचारायचा प्रश्न नव्हता. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि असतात तरी मी विचारलं नसतं. आई आता माझ्याकडे तळेगावला राहायला येणार आहे. एकटीला तिला ते घर झेपत नाही, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि उजव्या हाताने तिला दाराची कडीसुद्धा नीट लावता येत नाही. तो हात कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दलच लिहायला बसले आहे आणि आधीच सांगते, गोड काही लिहिणार नाही. तुमच्या पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावत नव्हती, खंडाळ्याच्या बंगल्यांतले माळी-ड्रायव्हरसुद्धा आले होते आणि तुमच्या हाताला काय गुण होता हे एकेकाने उठून सांगितलं. ते सगळं बोलून झालंय. राहिलेलं मी बोलते.

घर घेणारे पुण्याचे नवरा-बायको आहेत. नवरा गप्प, बायको भारी चौकस. पहिल्याच दिवशी ती आईच्या खाटेवर मांडी घालून बसली आणि मी दिलेल्या फायलीतला एकेक कागद उलटा करून ठेवायला लागली. घरपट्टी झाली, वीजबिलं झाली, जुन्या दोन खोल्यांचा, आपण घर घ्यायच्या आधीचा टेस्ट रिपोर्टही सापडला. मग ती थांबली. "मॅडम, मागचं स्वयंपाकघर नंतर वाढवलंय ना? त्याच्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट दिसत नाही यात." मी म्हटलं, नाहीये. ती म्हणाली, "मग तेवढा करून द्या. आमचे वकील त्याशिवाय पुढे जाऊ देणार नाहीत. लायसनवाल्या माणसाने तपासून सही केलेला हवा, नुसतं तोंडी नको." एक पान असतं ते. वायरिंग कुणी केलं, तपासल्यावर काय आकडे आले, अर्थिंग आहे की नाही, आणि खाली सही. ती दोघं गेल्यावर आई हसली. "अख्ख्या खंडाळ्याला ज्यानं दिवं लावलं, त्याच्या घरात कागुद न्हाई," म्हणाली. हसली, पण त्यात कौतुक होतं आबा. तेव्हा अजून होतं.

कागदाबद्दल तुमचं मत मला पाठ आहे. तुमच्याकडे वायरमनचं परमिट होतं, ठेकेदाराचं लायसन नव्हतं, त्यामुळे काम तुमचं आणि सही दुसऱ्याची, असंच आयुष्यभर चाललं. बाजारातला तो ठेकेदार बंगल्याची पायरीसुद्धा न चढता रिपोर्टवर सही ठोकायचा, कधीकधी कोऱ्या रिपोर्टवर आधीच करून ठेवायचा, आणि तुम्ही ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवून भर पावसात वीज मंडळाच्या ऑफिसात नेऊन द्यायचात. हे तुम्हाला लागत होतं, मला कळतं. मला स्वतःची सही मिळेपर्यंत मीही ते सोसलंय. पण लोकांच्या घरांचे कागद असे जिवापाड जपणाऱ्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघराचा कागद कधी केला नाही. आई दोन-तीनदा म्हणाली होती, तर तुम्ही ताटावरून उठलात. "माज्या घराला त्याची सही? मेलो तरी न्हाई. माजा हात हाच कागुद." मला वर्षानुवर्षं वाटत आलं की हा माज आहे. लहानपणी तो माज मला आवडायचा, नंतर त्याची चीड यायला लागली.

लहानपणी तुमचं सगळंच आवडायचं, हे कबूल करून टाकते म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. मी दहा वर्षांची असल्यापासून सुट्टीत तुमच्या लुनावर मागे बसून खंडाळ्याला यायचे, मांडीवर वायरची गुंडाळी आणि पाठीला पिशवी. बंगल्यांच्या मागच्या बाजूला तुम्ही अर्थिंगचा खड्डा घ्यायचात. पुरुषभर खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, आणि वरून पाणी. मीठ टाकायचं काम माझं. "करंट चुकून भाईर आला, तर त्याला जायला वाट पायजे," तुम्ही सांगायचात. "वाट न्हाई दिली तर तो मानसातनं जातो." एका बंगल्याची मालकीण म्हणाली, मुलीला कशाला असल्या कामात आणता, तर तुम्ही म्हणालात, "बाई, तिचा हात माज्यापेक्षा सरळ चालतो." मी ते वाक्य किती वर्षं मनात घोळवलं असेल. मागचं स्वयंपाकघर बांधलं त्या उन्हाळ्यात मी आपल्या घरातले दोन-तीन पॉइंट स्वतः बसवले. एका संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, मी बसवलेलं बघितलंत, "हात बसला गं तुजा" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी वेगळा टेस्टर घेऊन आलात, पिवळ्या मुठीचा. मी तो उशाखाली घेऊन झोपायचे.

मग जूनमध्ये फ्रीज आला. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून टाकून दिलेला, दाराला स्टीलचा दांडा असलेला, जुना पण चालू. आईला काय आनंद झाला होता. ती तेव्हा घाटात काम करणाऱ्या रेल्वेच्या माणसांना भाकरीचे डबे द्यायची, रोज पहाटे उठून तांदळाच्या भाकरी थापायची, आणि फ्रीज आला म्हणजे आदल्या दिवशीची भाजी चिरून ठेवता येणार होती. श्रावणात एके दिवशी सकाळी मी शाळेसाठी वेणी घालत बसले होते. स्वयंपाकघरातून आवाज आला तो आईचा आहे हे मला आधी कळलंच नाही. ती फ्रीज आणि ओट्याच्या मधे पडली होती. करंटने तिला फेकलं होतं आणि कोपर ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. तुम्ही धावत येऊन मेन स्विच पाडलात. तळेगावच्या दवाखान्यात कोपर बसवलं, पण तळहाताच्या नसा गेल्या त्या गेल्याच, बोटं आत वळली. त्यानंतर आईने भाकरी थापली नाही. डबे बंद झाले. चाळिशीच्या आतली बाई, आबा, आणि तिला घास डाव्या हाताने खायला शिकावं लागलं.

तुम्ही त्यानंतरचा आख्खा दिवस पावसात घरामागे खड्डा खणत होतात. कोळसा, मीठ, सगळं. फ्रीजमागचा तो पॉइंट बंद करून टाकलात आणि समोरच्या भिंतीवर नवा बोर्ड बसवलात. दवाखान्यातून आई घरी आली तेव्हा बघायला बायका आल्या होत्या, आणि एकीने विचारलं, कसं काय झालं हो. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, "वल्या हातानं फ्रीज धरला. किती डाव सांगितलं हिला." आई खाटेवरून काहीतरी म्हणायला गेली, तर तुम्ही तिच्याकडे न बघता बाहेर गेलात. एवढ्यावर थांबला असतात तर कदाचित मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही ते पुढे बारा वर्षं सांगितलंत. प्रत्येक बंगल्यात काम संपलं की मालकिणीला सूचना देताना म्हणायचात, "आमच्या मंडळींचं बघा, वल्या हातानं गेली आन जल्माची अधू झाली." वलवणमध्ये नव्या सुनेला सासू दम द्यायची, हात पुस, नाहीतर तिच्यासारखं होईल. आईच्या समोर द्यायची. विहारात पौर्णिमेला खीर वाढताना एक बाई आईच्या हातातून डाव काढून घ्यायची आणि म्हणायची, राहू द्या, तुमचं लक्ष नसतं. आईचं लक्ष नसतं हे गावाला तुम्ही शिकवलंत.

आणि माझं. आई घरी आल्यावर आठ दिवसांनी असेल, मी ओट्यावर इस्त्री उघडून बसले होते, तिची वायर तुटली होती. तुम्ही तुमच्या दोन माणसांना घेऊन जेवायला आलात. मला बघितलंत आणि तुमचा चेहरा असा झाला की माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. "ठेव त्ये. पोरीच्या जातीनं तारंला हात लावायचा न्हाई. आजपास्नं न्हाई." मी म्हटलं, आबा, मी फक्त वायर बदलतेय. तुम्ही माझ्या हातातून तो पिवळा टेस्टर घेतलात आणि स्वतःच्या खिशात टाकलात, आणि त्या माणसांपैकी एक जण हसला. चार महिन्यांपूर्वी माझा हात सरळ चालत होता. चार महिन्यांत मी अचानक पोरीची जात झाले. लुनावरची जागा गेली, खंडाळा गेला. मी खूप विचार केला की माझं काय चुकलं, आणि शेवटी मला एकच उत्तर मिळालं, की मी मोठी होत होते आणि तुम्हाला त्याची लाज वाटत होती. तेरा वर्षांच्या मुलीला हे उत्तर मिळालं तर ती ते किती दिवस चघळते, तुम्हाला कल्पना नाही.

मी तुमच्यावर सूड उगवायला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला गेले. लोक विचारतात तेव्हा मी आवड होती वगैरे सांगते. आवड होतीच, पण फॉर्म भरताना माझ्या डोळ्यांसमोर तो हसणारा माणूस होता. तुम्ही फॉर्मवर सही केली नाहीत, आईने डाव्या हाताने केली. तळेगावच्या कारखान्यांत मी पंखे बसवण्यापासून सुरुवात केली, सुपरवायझर झाले, लायसन काढलं. लायसनचं पुस्तक हातात पडलं त्या दिवशी मी वलवणला आले होते, आठवतं का? तुम्ही आजारी होतात. मी ते तुमच्या खाटेवर ठेवलं. तुम्ही उघडून बघितलं, माझा फोटो बघितला, मिटलंत आणि आईला म्हणालात, "हिला जेवाय वाढ." एवढंच. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. त्या दोन महिन्यांत तुम्हाला तोंड उघडता येत होतं, डॉक्टरशी तुम्ही भांडतही होतात.

म्हणून त्या पुणेकर बाईने टेस्ट रिपोर्ट मागितला तेव्हा मला आतून आनंदाची उकळी फुटली. दुसऱ्या कुणाला बोलावता आलं असतं. माझ्या ओळखीचे चार ठेकेदार आहेत, एका फोनवर आले असते. पण मी म्हटलं, मी करणार. ज्या हाताला कागद लागत नव्हता तो हात मी तपासणार, आणि खोट सापडली तर तुमच्या नावापुढे शाईने लिहिणार. रविवारी सकाळी मीटर घेऊन वलवणला आले. आई ओट्याशी स्टुलावर बसून बघत होती. नवा बोर्ड तपासला, चोख. वायरचं इन्शुलेशन अठ्ठावीस वर्षांनंतरही उत्तम. तुमच्या खड्ड्याचं अर्थिंग मोजलं, माझ्या कारखान्यांत एवढं चांगलं येत नाही. आई म्हणाली, "बघ, तुज्या बापाचं काम." मला इतका राग आला की मी दोन मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले.

मग परत आले आणि फ्रीजच्या जुन्या जागी गेले. तिथे आता आईची डब्यांची मांडणी आहे. ती सरकवली. भिंतीत तो बंद केलेला पॉइंट होता, लाकडी पेटीवर सनमायकाची कोरी पट्टी, चार स्क्रूंवर रंगाचे इतके थर की ते दिसतही नव्हते. रंग खरवडला, पट्टी काढली. सॉकेट तुम्ही तसंच आत ढकलून ठेवलं होतंत, फक्त करंट आणणारी फेज तोडून टेप लावली होती. आणि त्या सॉकेटमध्ये अर्थची तारच नव्हती. पेटीपर्यंत आलीच नव्हती. त्याऐवजी न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर बोटभर हिरवी तार टाकलेली. आमच्या धंद्यात ही सगळ्यात घाण लबाडी. असं केलं की फेज आणि अर्थच्या मधे टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासायचा बल्ब, लावल्यावर दिवा लागतो, बघणाऱ्याला वाटतं अर्थिंग आहे, आणि नसतं. रोजचं सगळं सुरळीत चालतं. ज्या दिवशी करंट परत नेणारी मागची न्यूट्रल निसटते, त्या दिवशी सगळा करंट त्या बोटभर तारेवरून फ्रीजच्या पत्र्यावर येतो. आणि ती निसटलेलीच होती, स्क्रूखालून बाहेर आलेलं तिचं टोक मला दिसत होतं. हात ओले असोत की कोरडे, दांडा धरणारा माणूस वाचायचा नाही. आई वाचली हेच नवल.

मला काय झालं सांगू? आनंद झाला. सापडलात तुम्ही. परक्या माणसांच्या बंगल्यांत कोळसा आणि मीठ, आणि स्वतःच्या बायकोला बोटभर तार. वर झाकण लावलंत आणि वरून तिलाच वेंधळी ठरवलंत. मी आईला हात धरून तिथे आणलं, बॅटरी मारली, समजावून सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "म्हंजी हात वलं व्हतं म्हनून न्हाई झालं?" मी म्हटलं, आई, तुझ्या हाताचा काही संबंधच नाही, ह्या तारेमुळे झालं. ती त्या पेटीकडे वाकून म्हणाली, "मी पुसलं व्हतं गं हात. पदराला पुसलं व्हतं. मला चांगलं आठवत व्हतं. पर समदी म्हनाय लागली तवा मलाच वाटाय लागलं, न्हाई पुसलं आसतील." मग ती बाहेरच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली, मी धरायच्या आत एका हाताने तुमचा फोटो खिळ्यावरून काढला आणि तांदळाच्या पिंपामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला. "ऱ्हाऊ द्या तितं," म्हणाली. रडली नाही. तिला मी इतकं ताठ चालताना कधी बघितलं नव्हतं. दुपारी ती विहारात गेली आणि सगळ्या बायकांना सांगून आली. त्या डाव काढून घेणाऱ्या बाईलासुद्धा.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं बरं क्वचित वाटलं असेल.

आई विहारात होती तेव्हा मी ते सॉकेट काढायला घेतलं. रिपोर्ट द्यायचा तर ती पेटी रिकामी करणं भाग होतं. स्क्रू फिरवणार एवढ्यात लक्षात आलं की हिरव्या तारेचा फास उलटा आहे. कुणी दुसऱ्याने बघितला असता तर लक्षात आलं नसतं. स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो, म्हणून तारेचा फासही उजवीकडूनच घालायचा, म्हणजे आवळताना तार आत ओढली जाते. डावीकडून घातला तर प्रत्येक फेऱ्यागणिक तार थोडी बाहेर ढकलली जाते, दिसायला घट्ट दिसते आणि दोन-तीन महिन्यांत सैल होते. न्यूट्रलचा फासही तसाच उलटा. तुम्ही मेलात तरी उलटा फास घातला नसता. तुमच्या माणसांनी घातला असता तर तुम्ही त्यांना शिडीवरून खाली उतरवलं असतं. डावखुऱ्या माणसाचा हात तसा जातो. आपल्या घरात जन्माचं डावखुरं एकच माणूस आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सरांनी माझा हात धरून ती सवय मोडली होती.

मग सगळं आठवलं, आठवावं लागलंच नाही. तो पॉइंट मी बसवला होता. अर्थची तार पाइपातून ओढायची तुमचा माणूस विसरला होता. टेस्ट लॅम्प लावला तर दिवा लागेना. तुम्ही संध्याकाळी येणार होतात आणि तुम्हाला लागलेला दिवा दाखवायचा होता. न्यूट्रलला धरलं की लागतो हे मला माहीत होतं, मग तिथून एक तुकडा टाकला. तुम्ही आलात, लॅम्प लावलात, दिवा लागला, हात बसला म्हणालात. पिवळा टेस्टर त्याचंच बक्षीस होता.

आता तुम्ही म्हणाल, झालं समाधान? नाही झालं. उलट आता माझ्याकडे रागवायला नेमकी जागा आहे. दुसऱ्या कुणाचं काम तुम्ही कधी दिव्यावर सोडलं नाही, पेटी उघडून बघायचात. माझी उघडली नाहीत, कौतुक करायची घाई होती. ती चूक तुमची. आणि आई पडल्यावर तुम्ही उघडलीत, बघितलंत, माझा हात ओळखलात. तुम्ही तो ओळखणारच, तुम्हीच शिकवला होता. मग मला का नाही सांगितलंत? बदडून काढायचं होतं. त्या पेटीसमोर उभं करून दाखवायचं होतं, हे तू केलंस, असं का होतं ते बघ, परत करू नकोस. मी मेले नसते. एका चुकीने शहाणी झाले असते. ते न करता तुम्ही मला पोरीची जात म्हणून हाकललंत आणि आईला ओल्या हाताची ठरवलंत. तेरा वर्षांच्या पोरीला चूक सांगायला तुमची जीभ रेटली नाही, पण बायकोला चारचौघांत जन्मभर नावं ठेवायला रेटली. तुम्हाला मला वाचवायचं होतं, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. मला वाचवायचं होतं तर स्वतःवर घ्यायचं होतंत. माझ्या हातून चुकलं, मी पॉइंट नीट बघितला नाही, एवढं एक वाक्य. त्याने तुमचं नाव गेलं असतं, आणि नाव तुम्हाला आम्हा दोघींपेक्षा मोठं होतं. म्हणूनच कागद केला नाहीत ना? त्या कागदावर वायरिंग कुणी केलं ते लिहावं लागतं. बाजारातल्या त्या माणसाने न बघता सही केली असती, पण नाव तुम्हाला सांगावं लागलं असतं. माझं लपवून स्वतःचं नाव घालायचं खोटं तुम्हाला जमलं नसेल, असं माझ्या मनात आलं होतं. मी ते खोडून टाकलं. तुम्हाला एवढं द्यायला मी तयार नाही.

ती पेटी मी रिकामी केली, तार मेनपासून काढून टाकली, भोक बुजवलं. रिपोर्ट काल भरला. वायरिंग करणाऱ्याच्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव लिहिलं. शेऱ्यात लिहिलं की जुन्या पॉइंटला अर्थिंग नव्हतं, न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले आढळले, दोष काढला. खाली माझी सही आणि लायसनचा शिक्का. पुणेकर बाईने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "स्वतःच्या वडिलांचं नाव घालून इतकं स्पष्ट लिहिलंत, कमाल आहे तुमची." तिला मी फार प्रामाणिक वाटले.

आज आईचं सामान बांधत होते. ती खाटेवर बसून मला डावीकडचं काय आणि उजवीकडचं काय ते सांगत होती, मधेच थांबली. "बरं झालं तू शिकलीस. न्हाईतर मी तशीच गेले आसते, मनाशी खात." मी पोत्याचं तोंड शिवत होते. मग तिने विचारलं, अगदी सहज, "तो पॉइंट त्यांनीच बसवला व्हता ना गं? का त्यांच्या मानसानं? माज्या काय ध्यानात न्हाई." तिने दोघांचं विचारलं. तिसरं तिच्या मनातही आलं नाही. एवढीशी फट होती, आणि मला सांगायचं असतं तर ती पुरेशी होती.

मी म्हटलं, आबांनीच.

ती बरं म्हणाली आणि पुढचं गाठोडं दाखवायला लागली. तुमच्या नावावर तो दोष आता कागदावरही आहे आणि तिच्या मनातही, आणि तो तिथेच राहील, कारण मी काढणार नाही. मला हेच हवं होतं. फक्त तुम्हालाही हेच चाललं असतं, निदान तो दोष माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून तरी, असं वाटतं, आणि त्याचा मला फार राग येतोय आबा. ह्या पत्राचे कागद घरात ठेवता येणार नाहीत. आईला वाचता येतं.